एक मजला खाली

खुशाल मेश्राम निवृत्त होऊन आपल्या गावी, मुर्रीला परतला, तेव्हा लोकांनी विचारलं, दक्षिणेतल्या त्या डोंगरावर सव्वीस वर्षं करत काय होतास? उपग्रहांचं अंतर मोजत होतो, म्हणाला. लेसरचा किरण वर सोडायचा, उपग्रहाच्या आरशावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते पाहायचं. त्यावरून जमीन किती सरकली, समुद्र किती चढला ते कळतं, तेही मिलिमीटरमध्ये. लोकांनी मान डोलावली आणि त्याचं नाव मीटरवाला ठेवलं. विजेचं बिल जास्त आलं की आजही काही जण त्याच्याकडेच येतात.

मग एक दिवस चेतनाचा फोन आला. त्याच्या हाताखाली शिकलेली ही मुलगी आता तिथे शास्त्रज्ञ आहे. ती म्हणाली, आपल्या केंद्राची मापं कित्येक वर्षं दीड मिलिमीटरने चुकताहेत, तीही एकाच बाजूला. कधी जास्त, कधी कमी अशी चूक सरासरीत जिरून जाते. एकाच बाजूची चूक जिरत नाही, जितकं मोजाल तितकी घट्ट बसते. हवेमुळे किरणाला उशीर होतो, म्हणून हवेचा दाब मोजून तेवढं वजा करायचं असतं. ते दाब मोजायचं यंत्र दुर्बिणीच्या मजल्यावर हवं, ते तिला एक मजला खाली सापडलं होतं, आणि खाली दाब जरासा जास्तच भरतो. काका, हे कोणी हलवलं, तिने विचारलं.

त्यानेच. छत गळत होतं. कवेलूच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या घरात वाढलेला माणूस. पाणी ठिबकलं की आधी धानाची पोती हलवायची, मग फुटकं कवेलू शोधायचं, हे त्याच्या हातांना लहानपणापासून ठाऊक. तसंच त्याने यंत्र उचललं, खालच्या कोरड्या खोलीत ठेवलं, वायर जोडली. आकडे येत होते. शिंक आली तरी नोंदवहीत लिहिणाऱ्या या शहाण्याने नेमकं तेवढंच लिहिलं नाही. जिना उतरणं म्हणजे काही गाव बदलणं नव्हे, असं त्याला वाटलं असावं.

चेतनाला तो दिवस हवा होता. दिवस कळला तर आधीची मापं तशीच ठेवता येतील, नंतरची दुरुस्त करता येतील. आकड्यांतून शोधावं तर त्याच काळात मोजणीची यंत्रं दोनदा बदललेली, त्यामुळे काही हाती लागत नव्हतं. दिवस मिळाला नाही, तर ज्यांत यंत्र कधीही हललेलं असू शकतं ती मधली आठ वर्षं वगळावी लागणार होती.

नेमकी ती आठ वर्षं. त्याच वर्षांत इथे पार्वताबाई, त्याची बायको, आजारी होती. चौदा एप्रिलला तरी या, असं ती फोनवर म्हणायची आणि उपग्रह माझ्यासाठी थांबत नाही, असं हा म्हणायचा. गळक्या छताचंही त्याने तिला सांगितलं होतं. सामान भिजलं नाही ना, असं तिने विचारलेलं त्याला आठवत होतं. तिला तारखा पाठ असायच्या. पण तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

चार दिवस तो जुन्या डायऱ्या उलटत बसला. वर जवळच्या बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ विमानांची घरघर चालली होती. मुलगी रंजिता वैतागून म्हणाली, "बाबा, सांगून द्या ना एखादी तारीख. कोण तपासून राहिलं?"

त्याला राग आला नाही आणि त्याचीच त्याला भीती वाटली. कारण त्याने मनात एक तारीख ठरवूनही ठेवली होती, जुलैमधली. आधीची चूक नकळत झाली होती. ही त्याने जाणूनबुजून केली असती.

त्याने फोन लावला. "पोरी, मले दिवस आठवून नाही राहिला. अंदाजानं सांगू नाही. आठही वर्षं काढून टाक."

चेतनाने ते लिहून घेतलं. मग त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, की बाकीच्या केंद्रांची मापं आहेत, जगाचं काही अडणार नाही. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या एका वाक्याने तो मोडला.

फोन ठेवून तो भिंतीवरच्या पार्वताबाईच्या फोटोकडे पाहत राहिला. रंजिताने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

"तुझी माय बोलावून राहिली होती," तो म्हणाला, "तवा येऊन गेलो असतो, तरी काई बिघडलं नसतं."