चिंचांवरून आलेली दुधाची किटली

मच्छे गावच्या कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनवण्यात माझी वीस वर्षं गेली. आपल्याला जमत नाही असं काही नसतं, असा माझा समज आहे. आमची आक्का त्याला माज म्हणते.

आक्काचं शेत बोरगावजवळ, ओढ्याच्या अलीकडे. पलीकडच्या मळ्यात तिची जाऊ आणि आणखी तीन घरं. ओढा भरला की त्यांचं दूध अडकतं, म्हणून त्यांनी पंचायतीकडे पूल आणि रस्ता मागितला. मागणी रास्तच होती. पण रस्ता आक्काच्या शेतातून जाणार होता आणि बांधावरच्या आठ चिंचा पडणार होत्या. लग्न होऊन आल्यावर तिनं घागरीनं पाणी घालून जगवलेल्या. जावेला नाही म्हणवत नव्हतं, झाडं तोडा असंही तोंडातून निघत नव्हतं. तिला जेवण जाईना. मला ते बघवेना.

मी म्हणालो, चार घरांच्या किटल्यांना डांबर कशाला हवं? एअरशिप करतो. लांबट मोठा फुगा, आत हेलियम, सौर बॅटरीवरचे दोन पंखे, दोन्ही काठांवरून धरायला दोर. डिझेल नाही, धूर नाही, एक फांदीसुद्धा तोडायची नाही. दोस्तांनी वेड्यात काढलं, पण अनगोळच्या एका रिकाम्या हॉलमध्ये रविवारी माझ्याबरोबर खपलेही तेच.

श्रावणात ओढा तुडुंब असताना पंच बघायला आले. पलीकडून जावेनं भरलेली किटली टांगली. फुगा चिंचांवरून डुलत आला, अलगद खाली उतरला. मी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात आक्कानं लगबगीनं किटली काढून घेतली आणि फुगा सुसाट वर गेला. दोरानं माझा तळहात सोलला. पंच पोट धरून हसले.

मी आक्कावर खेकसलो. चूक खरं तर माझीच होती. ओझ्यामुळंच फुगा खाली राहतो, एक ओझं काढण्याआधी दुसरं तेवढंच टांगावं लागतं, हे तिला सांगायचं राहिलं होतं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे रिकामा डबा परत धाडायचा न्हाय, एवढंच न्हवं? ते मला नि जावेला तू शिकवणार व्हय रं?"

आम्ही चौघा दोस्तांनी दोर ओढून फुगा खाली आणला, किटली पुन्हा अडकवली. आक्कानं भेंडी-दोडक्यांची पिशवी हातानं तोलून तेवढीच जड केली, आधी ती टांगली आणि मग किटली सोडली. फुगा जागचा हलला नाही. तो पलीकडे पोचल्यावर जावेनंही, कुणी न सांगता, आधी दुसरी किटली टांगली आणि मग पिशवी उतरवली. मला अर्धी वही लागली होती हे समजायला.

चारही घरांचं दूध अलीकडे आल्यावर जावेनं पंचांना ओरडून सांगितलं, "माणसांना चालत यायला साकव तेवढा बांधा, दुधाला फुगा बास हाय. रस्ता नगं म्हणून लिवा. तिच्या चिंचा ऱ्हाऊ देत."

आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि पलीकडे धाडायला ती काहीतरी जड शोधत घरात गेली.