शेवटच्या रांगेतले मामा

मामा गेल्याचा निरोप नांदेडच्या वसतिगृहात आला तेव्हा मी बी.एड.च्या पाठाचं टाचण काढत बसले होते. एस.टी.ने लातूरला पोचेपर्यंत दुपार कलली. आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे कपाळाला विभूती लावून मामांना भिंतीशी बसवलं होतं. त्यांच्याविषयी लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

माझे मामा, शिवलिंगअप्पा, लातूरच्या एका नाट्यगृहात माईक आणि स्पीकर सांभाळायचे. लोकांच्या लक्षात नट राहत. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कोणी पोचवला, हे कोणी विचारत नसे. ‘आपलं नाव निघालं म्हंजे समजायचं, कायतरी बिघडलंय,’ मामा म्हणत.

देवणीहून कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहायला आले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नवे साहेब आले होते, कार्यक्रम वाढले होते. प्रयोग असला की मामा मला दुपारीच रंगमंचावर माईकपुढे उभं करत आणि हातातल्या पुस्तकातलं काहीही वाचायला सांगत. ‘घरी बोलतीस तसंच बोल.’ मग ते शेवटच्या रांगेत जाऊन ऐकत, परत येऊन यंत्राचं बटण जरासं फिरवत, पुन्हा मागे जात. मनासारखं झालं की बटणाशेजारी खडूची एक रेघ ओढत. प्रयोग त्या रेघेवर चाले.

दुसऱ्या वर्षी मामा कानामागे हात धरू लागले. पुन्हा वाच, म्हणू लागले. बटण पुढे सरकत सरकत माईक शिट्टी मारायच्या बेताला येई. त्यांचा कान जातो आहे हे मला कळलं, आणि कान गेला की यंत्रापुढची त्यांची खुर्चीही जाणार, हेही. तेव्हा मी मोठ्यानं वाचायला लागले, घसा ताणून. मामा समाधानानं मान हलवत, रेघ जुन्याच जागी पडे आणि प्रयोग नीट होई. वर्षभर असं चाललं. मला वाटे, मी मामांना सांभाळते आहे.

मग दुष्काळ पडला. नळ कोरडे, गल्लीत आठ-आठ दिवसांनी टँकर. दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी एका मंडळानं नाटक ठेवलं होतं आणि नेमका त्याच दुपारी टँकर आला. मामी तापानं पडलेली. मी घागरी घेऊन रांगेत उभी राहिले. नाट्यगृहात पोचले तेव्हा लोक आत बसत होते. माझ्याऐवजी मंडळातल्या कोणीतरी वाचून दाखवलं होतं, साध्या आवाजात. खडूची रेघ नेहमीच्या जागेपासून दोन बोटं पुढे होती. मी ती पाहिली. पण मामांच्या शेजारी मंडळाची माणसं उभी होती, त्यांच्यादेखत कसं सांगायचं... मी बाजूला जाऊन उभी राहिले.

पडदा उघडला आणि पहिल्याच वाक्याला माईक किंचाळला. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी कानांवर हात ठेवले. मागून कोणी म्हणालं, ‘ओ माईकवाले, झोपले का?’ आणि हशा पिकला. मामांना ती शिट्टी ऐकूच आली नव्हती. लोक का हसताहेत, हे विचारायला ते माझ्याकडे वळले. मी धावत जाऊन बटण मागे फिरवलं. महिनाभरात त्या खुर्चीवर दुसरा माणूस आला.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्यापाशी सगळं कबूल केलं. तेही ओरडून करावं लागलं. शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. मामा शेंगा फोडत होते.

‘तू वरडून वाचत होतीस, ते ठावं होतं मला,’ ते म्हणाले. ‘ऐकू कमी येत होतं, दिसत न्हवतं व्हय? मानंच्या शिरा फुगायच्या तुझ्या.’

‘मग बोलला का नाहीत, मामा?’

‘तू बोलली न्हाईस, म्हून मी बी न्हाई.’ टरफलं बाजूला सारत म्हणाले, ‘त्या दिवशी लई वाट पाहिली तुझी. मग म्हणलं, बघावं आज आपल्याच कानानं...’

मला रडू आवरेना. त्यांनी दाण्यांची एक मूठ माझ्या ओंजळीत टाकली आणि पुढची शेंग फोडली.

सुट्टी काढून मी अजून लातूरलाच आहे. घरात आम्ही दोघीच. मामी स्वयंपाकघरातून अजूनही ओरडूनच विचारते, चहा टाकू का, आणि मीही ओरडूनच हो म्हणते. आता ओरडायचं कारण उरलं नाही, हे परवा तिच्या ध्यानात आलं असावं. बाहेर आली, माझ्याजवळ बसली आणि अगदी हळू आवाजात तिनं तेच विचारलं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती उठून आत गेली, आणि थोड्या वेळानं तिथूनच तिनं पुन्हा मोठ्यानं विचारलं.