आधी शेवटचं पान

माझ्या हातून काही बरं झालं असेल, तर ते मावशींमुळे झालं. हे मी आईसमोरही म्हणतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही, उलट तीच आधी मान डोलावते.

मावशी म्हणजे हैदराबादेत, दिलसुखनगरच्या मागच्या गल्लीत, दोन कोचिंग क्लासांच्या मधोमध चिमटलेल्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाई. त्या नेमक्या कुणाच्या मावशी, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या हातात परदेशातल्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका दिली, की त्या ती आधी पालथी करायच्या. मुखपृष्ठावरची हसरी मुलं, हिरवळ, घड्याळाचा मनोरा, सगळं टेबलाला टेकायचं. कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, कानामागची पेन्सिल हातात यायची आणि लाकडी पट्टी एकेका ओळीखाली सरकू लागायची.

"आधी शेवटचं पान," त्या म्हणायच्या. "पुढची पानं बोलावण्यासाठी असतात. कोणाला आत घ्यायचं, ते मागं लिहितात."

अर्ज वाचणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जण वाचल्यासारखं करतात आणि खाली सही कुठे करायची ते शोधतात. मावशी नियम असा वाचायच्या, जसा एखादा जुना वैद्य नाडी पाहतो. मध्ये बोललेलं चालत नसे. पंख्याने कागद हलला तर त्या पंख्याकडेसुद्धा रागाने बघायच्या.

त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत झालेलं. विमानात कधी बसल्या नव्हत्या, समुद्रही पाहिला नव्हता. पण कोणत्या देशात गुणपत्रक बंद पाकिटातच लागतं, कुठे प्राध्यापकाचं शिफारसपत्र त्याच्याच ईमेलवरून यावं लागतं, कुठली शिष्यवृत्ती प्रवेशाच्या अर्जासोबतच मागावी लागते आणि कुठली प्रवेश मिळाल्यावर, हे त्यांना तोंडपाठ होतं. आमच्या दिलसुखनगरात काचेच्या दारांची, थंडगार हवेची सल्लागारांची कार्यालयं कितीतरी. तिथली माणसंसुद्धा कधीकधी हळूच येऊन, झेरॉक्स काढता काढता, मावशींना एखादी शंका विचारून जायची.

दुकानाचे मालक, ज्यांना सगळे भाई म्हणत, एकदा माझ्यासमोर म्हणाले, "मौसी, तुम तो वकील होना था."

"वकील होती तो फीस लेती ना, भाई," मावशी मान वर न करता म्हणाल्या.

फी त्या घेत, पण निराळी. टायपिंगचे दर भिंतीवर लावलेले होते, ते सगळ्यांना सारखे. शिष्यवृत्ती शोधून दिल्याबद्दल मात्र एकच मागणं असे. तिकडे पोहोचल्यावर मावशींना पत्र लिहायचं. हाताने, मराठीत, टपालाने. आणि त्यात ख्यालीखुशाली नको.

"पुस्तिकेत जे लिहिलेलं नाही, ते लिहून पाठव," त्या बजावायच्या. "बाकी मला तुझ्या बर्फाचे फोटो नकोत."

ती पत्रं टेबलाखालच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायची, देशावार बांधलेली. त्यासाठीचा दोरा त्या बेगम बाजारातून आणायच्या. नवीन मुलगा किंवा मुलगी आली, की मावशी त्या देशाचा गठ्ठा सोडायच्या. एका पत्रात लिहिलं होतं, की छातीच्या तपासणीचा कागद मोठ्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावरच मागतात. दुसऱ्यात, की घरमालक त्याच देशातला जामीनदार मागतो, आणि विद्यापीठ जामीन राहतं, पण आपण विचारलं तरच. आमच्याच वस्तीतली, तेलुगू माध्यमात शिकलेली एक मुलगी होती. तिला मराठी अक्षरं लागत नसत. तिला मावशी वाचून दाखवायच्या आणि मध्येच थांबून टोमणा मारायच्या, "मराठीत जेवता, मराठीत भांडता, वाचायला काय होतं गं?" ती मुलगी हसत म्हणायची, "परेशान नका करू मावशी, पुढं वाचा."

मी त्या दुकानात पोहोचलो तो फार खालावलेल्या अवस्थेत. आमचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यात. दहावीपर्यंत मी तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलो. वडील आधीपासून हैदराबादला एका मोठ्या इस्पितळात नोकरीला, मग आम्हीही इथे आलो. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. इस्पितळात माणसाला नव्याने होणारे आजार कसे रोखायचे, हा विषय शिकण्यासाठी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात मला प्रवेशही मिळाला. शिष्यवृत्तीशिवाय मात्र जाणं शक्य नव्हतं. इथल्या सरकारी योजनेत माझा जातीचा दाखला महाराष्ट्राचा म्हणून चालेना. महाराष्ट्राच्या योजनेत रहिवास हैदराबादचा म्हणून चालेना. दोन्ही नकारांचे कागद एकाच आठवड्यात हातात पडले होते. प्रवेश राखायची मुदत जवळ आली होती.

मावशींनी दोन्ही कागद पाहिले, घडी घालून मला परत दिले. "राज्यं सोड आता. विद्यापीठाचं स्वतःचं काय आहे, ते काढ."

विद्यापीठाची एक शिष्यवृत्ती होती. मी ती पाहिलेली होती. तिच्यासाठी माझा अर्ज आणि निबंध एका सल्लागाराने भरूनही दिला होता, फक्त पाठवायचा बाकी होता. मावशींनी नियमांची छापील प्रत पालथी केली. पट्टी सरकत शेवटच्या पानाच्या खालच्या भागात थांबली. तिथे बारीक अक्षरात होतं, की ज्यांच्या घरात आधी कुणी पदवी घेतलेली नाही, अशा उमेदवारांना प्राधान्य दिलं जाईल.

मग त्यांनी माझा अर्ज उघडला. वडिलांच्या शिक्षणासमोर 'पदवीधर' होतं. व्यवसायासमोर 'आरोग्य विभागात अधिकारी'.

"वडील काय करतात?"

"आरोग्य विभागात आहेत."

"कुठं करतात नाही विचारलं. काय करतात विचारलं."

मी भाईंच्या मशीनकडे बघू लागलो. त्यातून कागद पडत होते.

हे तुम्हाला नीट सांगायला हवं. आमच्या वस्तीत फॉर्मवर असं लिहायची रीतच होती. कॉलेजात पहिल्या दिवशी सगळे बापाचं काम विचारतात. इस्पितळात झाडू मारणारा माणूस मुलाच्या फॉर्मवर 'मेडिकल स्टाफ' होई आणि पाणी भरणारा 'सुपरवायझर'. मला हे वडिलांनीच शिकवलं होतं. अकरावीचा फॉर्म भरताना त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "आरोग्य विभाग लिही. पुढचं कुणी विचारत नाही." त्यात फसवण्याचा विचार नव्हता. लेकराला कुणी खाली बघायला लावू नये, एवढंच.

"इस्पितळातले कपडे धुतात," मी शेवटी म्हणालो. "ऑपरेशनच्या चादरी, डॉक्टरांचे गाऊन. सातवी शिकलेत."

मावशींनी चष्मा कपाळावर नेला. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "आणि तू शिकायला काय चाललायस?"

"इस्पितळातला संसर्ग कसा रोखायचा ते."

"मग हे निबंधात का नाही?"

निबंधात होतं, की लहानपणापासून मला विज्ञानाचं अपार कुतूहल होतं. मावशींनी तो वाक्यागणिक वाचला. "यातलं नाव बदललं तर शेजारच्या क्लासातल्या कुठल्याही पोराला बसतंय. यात तू कुठंयस?" मग खोटी माहिती उघडी पडली तर शिष्यवृत्ती तर जाईलच, वर मिळालेला प्रवेशही जाईल, हे त्यांनी त्याच शेवटच्या पानावर बोट ठेवून दाखवलं. "मुदत पुढच्या शुक्रवारची आहे. आपण बुधवारी पाठवायचं. शेवटच्या दिवशी सर्व्हर आणि माणूस, दोघंही बसतात. रविवारी वडलांना घेऊन ये."

वडील यायला तयार नव्हते. जन्मभर झाकलेलं कागदावर मांडायचं, तेही परदेशी पाठवायच्या कागदावर, हे त्यांना पटेना. आईने इस्त्रीचा शर्ट काढून दिला, तेव्हा निघाले.

"जय भीम, ताई," ते दुकानाच्या पायरीवरच म्हणाले.

"जय भीम, भाऊ. बसा. हा पोरगा म्हणतो तुम्ही कपडे धुता. मला सांगा कसे."

"त्यात काय सांगायचं. धुतो. झालं."

"रक्ताची चादर आली, पहिलं काय करता?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "थंड पाण्यात टाकतो."

"थंड का?"

"गरम पाण्यात टाकलं तर रगत बसतं, ताई. मग जन्मात जात नाही. आधी थंड, मग उकळ. नव्या पोरांना हेच शिकवायला महिना जातो."

मग मावशी विचारत गेल्या आणि वडील सांगत गेले. प्रत्येक चादर झटकण्याआधी ती हाताने चाचपावी लागते, कारण घडीत कधी कात्री राहते, कधी सुई. त्यांच्या बोटांना किती वेळा सुया टोचल्या होत्या, आणि दर वेळी तपासणीचा निकाल येईपर्यंत ते घरी आपलं ताट कसं वेगळं ठेवत. ते ताट मला आठवत होतं. मला वाटायचं, वडील रागावलेत. धुतलेल्या आणि न धुतलेल्या कपड्यांच्या गाड्या एकाच दारातून जाऊ नयेत म्हणून ते कसे साहेबांशी भांडले, आणि वेगळं दार मिळाल्यावर वॉर्डातल्या सिस्टरने पेढे कसे आणले. वडिलांचे हात बोलता बोलता हवेत चादरीची घडी घालत होते. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या घरात जेवत होतो, आणि जो विषय शिकायला समुद्रापलीकडे निघालो होतो, त्याचा जाणकार माझ्याच शेजारी झोपत होता.

मावशी टाइप करत होत्या. भाईंनी मशीन कधी बंद केलं, ते मला कळलं नाही.

जाताना वडील म्हणाले, "एवढं कुणी विचारलं नव्हतं, ताई."

"शेवटच्या पानावर होतं ते, भाऊ," मावशी म्हणाल्या. "आपण पहिल्यावरच थांबतो."

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, की हे उलटं वाचायची सवय कुठून लागली. एरवी त्यांनी उडवून लावलं असतं. त्या म्हणाल्या, की दहावीनंतर नर्सिंगच्या शाळेत जेवणाखाण्यासह जागा मिळत होती. अर्ज सुंदर अक्षरात भरला, अफझलगंजच्या ग्रंथालयात बसून. शेवटच्या पानावर पालकांची सही दोन्ही प्रतींवर हवी, असं होतं. त्यांनी एका प्रतीवर घेतली. अर्ज परत आला तेव्हा मुदत संपली होती, आणि पुढच्या वर्षीपर्यंत लग्न झालं होतं. एवढंच सांगून त्यांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

अर्ज बुधवारी गेला. दोन महिन्यांनी शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा मी दुकानात धावत गेलो. मावशींनी ते हातात घेतलं आणि आधी पालथं केलं. खालच्या अटी वाचून झाल्यावरच म्हणाल्या, "हं. आता खूश हो."

निघताना मी पत्र पाठवण्यासाठी त्यांचं पूर्ण नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "झेरॉक्सवाली मावशी लिही. पोस्टमन आणतो बरोबर." तेच लिहिलं. तेच पोहोचलं.

ते पत्र लिहायला मी फार उशीर लावला. मला ते त्यांच्या योग्यतेचं लिहायचं होतं. शेवटी भाईंच्या फोनवरून त्यांचा निरोप आला, "पत्र कुठाय? पोरं बसलीत." त्याच दुपारी मी लिहायला बसलो.

यंदा परत आलो तेव्हा मावशी नव्हत्या. उन्हाळ्यात थोड्या आजाराने गेल्या. भाईंनी त्यांची खुर्ची तशीच ठेवली आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. पत्र्याचा डबा आता त्या तेलुगू माध्यमातल्या मुलीकडे आहे. ती मराठी वाचायला शिकली, पत्रांसाठीच. तिने इंग्लंडचा गठ्ठा सोडून माझं पत्र काढून दिलं. घड्यांवर ते विरलं होतं. पहिल्या पानांवर एकही खूण नव्हती. शेवटच्या पानावर पट्टी लावून मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. ते पान असं:

"मावशी, तुम्ही इथूनच सुरुवात करणार हे माहीत आहे, म्हणून मुख्य गोष्ट इथे लिहितो. बँक, घर, थंडी, सगळं आधीच्या पानांवर आहे.

परवा आम्हाला इथल्या इस्पितळाचं धुलाईघर दाखवायला नेलं. यंत्रं आपल्या दुकानाएवढी मोठी आहेत. धुतलेल्या कपड्यांचं दार वेगळं आहे. ते पाहून मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, की रक्ताचे कपडे आधी थंड पाण्यातून का काढतात. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, हे कुठे वाचलंस. मी म्हणालो, वाचलं नाही, माझ्या वडिलांनी शिकवलं. त्या म्हणाल्या, वडील डॉक्टर आहेत का.

पुढच्या मुलांना सांगा, की हा बापाच्या कामाचा प्रश्न पुस्तिकेत नाही, पण इथे तोंडी विचारतात.

मावशी, मी त्यांना वडील कुठे काम करतात ते सांगितलं नाही. काय करतात, ते सांगितलं."