सोड्यांच्या घरातली फिरोजा

रेवदंड्यात फिरोजाचं सासर सोड्यांवर उभं आहे. कोळंबी सोलायची, उन्हात वाळवायची, विकायची. लग्न होऊन या घरात आल्यावर पहिल्याच महिन्यात तिला कळलं की कोळंबी पोटात गेली की आपल्या मानेवर गांधी उठतात आणि घसा आवळतो. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. सोलताना हातमोजे घालायची. नखं खराब होतात म्हणायची. नखरेल ठरली. नखरेल सुनेला नांदवतात, पण कोळंबी न चालणारीचं काय करतात, हे विचारायची तिची कधी छाती झाली नाही.

मग उजवा कान वाजू लागला, ऐकू कमी येऊ लागलं. कानाच्या नसेवर गाठ आहे का ते बघायला डॉक्टरांनी अलिबागला एमआरआय सांगितला. नवरा दोह्याला, सोबत सासू हफ्सा, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून डॉक्टरांसाठी सोड्यांची पुडी.

"कसली अ‍ॅलर्जी? औषधाची, खाण्याची?" टेक्निशियन दिपेशने विचारलं.

फिरोजाने तोंड उघडायच्या आत हफ्सा हसली. "आमच्या घरात काय न चालणारा अजून पैदा झाला न्हाय, बाबा."

"न्हाय," फिरोजा म्हणाली.

दिपेशने समजावलं: हे यंत्र अंगातल्या पाण्याला चुंबकाने डिवचतं, आणि ते परत शांत व्हायला किती वेळ घेतं त्यावरून चित्र काढतं. मध्येच शिरेतून औषध द्यायचं. ते साचतं तिथलं पाणी लवकर शांत होतं, आणि गाठ असलीच तर उजळून दिसते.

औषध गेलं. दंड गार पडला. फिरोजाच्या अंगातलं पाणी ठरल्याप्रमाणे शांत होत असावं. फिरोजाला ते जमेना. यंत्राच्या नळीत ठकठक चालू होती आणि मान खाजायला लागली, नेहमीच्याच जागी. श्वास अडल्यासारखा वाटला. काही झालं तर बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा तिने दाबला, सुटका होईपर्यंत दाबतच राहिली.

दिपेशने तिला बाहेर काढलं. दार उघडं, दारात हफ्सा.

"कोळंबी," फिरोजा रडत म्हणाली. "मला कोळंबी चालत न्हाय. मी खोटं बोलले."

डॉक्टरांनी येऊन मान पाहिली, घसा पाहिला, नाडी पाहिली. गांध एकही नव्हती. "कोळंबीचा या औषधाशी तसा संबंध नाही. पण विचारलं की सांगायचं असतं, ताई." उरलेली चित्रं काढली. रिपोर्ट उद्या.

परतताना रिक्षा चौलला पोचली तेव्हा हफ्सा बोलली. द्यायची राहिलेली पुडी दोघींच्या मध्ये.

"तुझ्या बाळंतपणात मी रोज सोड्यांचं कालवण दिलं. ताट साफ असायचं."

"मांजर खायची, अम्मी."

"तरीच! ती मेली सुटत व्हती आणि तू वाळत. मी हकिमाकडून ताकदीचा हलवा आणला व्हता."

"तो मीच खाल्ला."

हफ्साने पुडी उचलून आपल्या पलीकडे ठेवली आणि रस्त्याकडे बघत काहीतरी म्हणाली. फिरोजाच्या वाजत्या कानाला ते कळलं नाही.

"काय?"

"उद्या डॉक्टर काय विचारतील," हफ्सा रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल अशी ओरडली, "तर तूच बोल! मी न्हाय बोलणार!"