सायकलच्या दोन घंट्या

माझा नवरा फौजेत बिनतारी संदेशाचं काम करायचा, आणि तो धडधाकट आहे हे मला रोज दुपारी सायकलच्या घंटीवरून कळायचं. हे सांगितलं की घरातली पोरं हसतात. हसू देत. खिशात फोन घेऊन फिरणाऱ्यांना वाट पाहणं म्हणजे काय, ते कुठून कळणार?

आम्ही नागपुरात कामठी रोडला लागून दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी लहान मुलगी, कारण नवऱ्याची नेमणूक उत्तरेकडे, बर्फाच्या डोंगरांत होती. हिवाळ्यात तिथला रस्ता बंद व्हायचा. मग पत्रं यायची ती एकदम चार-पाच, नाहीतर कित्येक आठवडे एकही नाही. मी खिडकीशी शिवणयंत्र मांडून गांधीबागेतल्या एका दुकानासाठी परकर शिवायची. डोळे शिवणीवर, कान रस्त्यावर.

घंटी वाजवणारे भाऊजी म्हणजे नवऱ्याचे जोडीदार. दोघं एकाच तुकडीत हे काम शिकले होते. पुढे भाऊजींची बदली कामठीच्या छावणीत झाली आणि त्यांनी आमच्याच वस्तीत बिऱ्हाड केलं. दूरदूरची ठाणी रोज सकाळी आपण हजर असल्याचं कळवायची, आणि ते कानांना यंत्र लावून टिपून घ्यायचं हे भाऊजींचं काम. तेव्हा सगळा कारभार तारघरासारखा कडकट्टवर, म्हणजे बटण दाबून दिलेल्या लहान-लांब ठोक्यांवर चालायचा.

या कामात प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणी घाईने ठोके देतो, कुणी रमतगमत. भिंतीपलीकडे भाकरी थापली जात असली की सासू थापते आहे की सून, हे आपल्याला न पाहता कळतं ना, तसंच ते. माझा नवरा शेवटचा ठोका उगाच लांबवायचा. बोलण्यातही त्याची तीच खोड, शेवटचा शब्द स्वतःचाच हवा. संदेशात काय आहे ते भाऊजींनी कधी सांगितलं नाही, आणि सांकेतिक अक्षरांतून त्यांनाही ते कळत नव्हतं. त्यांना फक्त हात कळायचा, आणि मला तेवढाच हवा होता.

ही रीत नवऱ्यानेच एका सुटीत घालून दिली. आमच्या घरासमोरून जाताना भाऊजींनी दोन घंट्या वाजवल्या की आज हात ऐकला, ठीक आहे. एक वाजवली की हवा खराब होती, कुणाचंच नीट ऐकू आलं नाही. घंटी न वाजवता सायकलवरून उतरले तर काय समजायचं, ते आम्ही कधी बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती.

एकदाच दोन घंट्या वाजवूनही ते उतरले. मी हातातला परकर टाकून दाराशी धावले. भाऊजी मात्र मिशीत हसत होते.

"वहिनी, काय लिहून पाठवलं होतं जी तुम्ही? तो आज ठोके नाही, दगड फोडून राहिला होता."

आदल्या पंधरवड्यात मी नवऱ्याला चांगलं खरमरीत पत्र धाडलं होतं. सासरच्या मंडळींवरून. म्हणजे ते पोचलं होतं तर! मी तोंडाला पदर लावून खूप हसले. इतक्या लांबच्या भांडणाची पोच मिळालेली मी एकटीच बाई असेन.

मग नवी यंत्रं आली. गावात नुकते टीव्ही येऊ लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. भाऊजी तर नव्या नवरदेवासारखे खुलले होते. जुना संच वाहायला खेचर लागायचं, त्याच्या बॅटरीच्या तेजाबाने कपड्यांना भोकं पडायची, आणि वीज करायला एका माणसाला हाताने दांडा फिरवत बसावं लागायचं. आता खेचर नको, दांडा नको. टंकयंत्रासारखी अक्षरं दाबायची, ती आकाशातल्या उपग्रहाकडे जाणार आणि इकडे कागदाच्या पट्टीवर छापून बाहेर येणार.

"आणि हात?" मी विचारलं.

"तो तर येतेच जी," भाऊजी म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून निघाले.

मी विश्वास ठेवला. न ठेवायला कारण नव्हतं. दुपारी दोन घंट्या वाजत होत्या, एक तर कधीच वाजत नव्हती. मला वाटलं, नवं यंत्र खरंच चांगलं, हवेबिवेला दाद देत नाही. त्या हिवाळ्यात पत्रं फारच तुटक आली, पण मला काळजी वाटली नाही. मी संक्रांतीचे तिळगुळ केले, मुलीला नवा फ्रॉक शिवला, मजेत होते.

होळीच्या आधी छावणीत घरच्या मंडळींसाठी मेळावा होता. बुंदीचे लाडू, चहा, पोरांच्या शर्यती. मैदानाच्या कडेला आकाशाकडे तोंड करून एक मोठा पांढरा थाळा उभा केला होता, आणि शेजारी दाखवण्यापुरतं एक यंत्र मांडलं होतं. एक तरुण साहेब हिंदीत समजावून सांगत होता. त्याने माझ्या मुलीला कळा दाबायला लावल्या, मग स्वतः दाबल्या. दोन्ही पट्ट्या शेजारी धरून म्हणाला, बघा, लहान मुलीने पाठवलं की मी, कुणाला सांगता येणार नाही.

"तिकडे बसलाय तो माणूस कोण, हे इकडे कळतच नाही?" मी विचारलं.

"अजिबात नाही," तो आनंदाने म्हणाला. "तेच तर याचं वैशिष्ट्य आहे."

मी भाऊजींकडे पाहिलं. ते लाडवाची बशी हातात धरून थाळ्याकडे बघत होते.

मी मुळात तापट. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन घंट्या वाजल्या आणि मी रस्त्यात जाऊन सायकलचा दांडाच धरला.

"कशाची घंटी वाजवून राहिले होते तुम्ही? काहून मले फसवलं?"

भाऊजींनी एक पाय जमिनीवर टेकवला.

"पहिल्या दिवशी पट्टी पाहिली तर मले काहीच समजलं नाही, वहिनी. सगळ्यायची अक्षरं सारखीच. पण घंटी न वाजवता तुमच्या दारासमोरून गेलो असतो, तर तुम्ही काय समजल्या असत्या? आणि सांगाले उतरलो असतो, तर मी तोंड उघडेपर्यंत तुमचं काय झालं असतं?"

ते खरंच होतं. पण रागात खरं ऐकून घेतं कोण? उद्यापासून वाजवू नका म्हणून मी त्यांना बजावलं आणि दार लावून घेतलं.

त्यांनी ऐकलं. नंतरच्या दुपारी फार वाईट गेल्या. सायकल यायची, माझं शिवणयंत्र थांबायचं, आणि सायकल नुसतीच निघून जायची. भाऊजी मान खाली घालून जायचे आणि मी इकडे खिडकीआड उभी. हट्टाने मी त्यांना बोलावलं नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी नवरा दारात उभा राहिला. गालफडं बसलेली, गणवेश अंगावर लोंबत होता. त्या हिवाळ्यात थंडीने त्याच्या छातीत पाणी झालं होतं. दीड-दोन महिने तो फौजी इस्पितळात पडून होता, सुरुवातीला तर शुद्धही नव्हती. यंत्रावर दुसराच कुणी बसत होता.

"मले कळवलं काहून नाही?" मी किंचाळलेच.

तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. "तुले तर माहीत झालं असन असं वाटलं मले. माझा हात आला नाही की जोडीदार सांगनच ना तुले, नव्या यंत्रावरही तो ओळखन, या भरवशावर होतो मी."

तो तिकडे श्वासासाठी तडफडत होता आणि मी इकडे दोन घंट्या ऐकून तिळगुळ वळत होते. भाऊजी दिसले असते तर मी त्यांना काय केलं असतं, सांगता येत नाही.

संध्याकाळी भाऊजी आले ते दाराशीच थांबले. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना हाताला धरून आत आणलं. रागावला नाही. पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तो हात गेला ते बरंच झालं वं. याले ओळखू येत होता, तसा सीमेपलीकडच्यायलेही येत होता. आम्ही ठाणं हलवलं तरी माझ्या ठोक्यांवरून त्यायले समजे, हे आता इकडे आले म्हणून."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ज्या लांबवलेल्या ठोक्यावर मी रोज जेवायला बसत होते, त्याच ठोक्यावर कुणीतरी नकाशात माझ्या नवऱ्यावर बोट ठेवत होतं. यंत्राचा राग करावा तर त्यानेच नवऱ्याला लपवलं होतं. फक्त मलाही तो त्यातून दिसेनासा झाला होता.

अंगात ताकद आल्यावर नवरा पुन्हा डोंगरात गेला. जाताना म्हणाला, पत्र लिहीन. मला माहीत होतं, हिवाळ्यात पत्रं कशी येतात ते.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका दुपारी सायकल येताना दिसली तशी मी बाहेर जाऊन उभी राहिले. भाऊजी घाबरून उतरले.

"उद्यापासून घंटी वाजवत जा, भाऊजी."

"वहिनी, मले खरंच काही समजत नाही त्या पट्टीवरून."

"माहीत आहे मले," मी म्हणाले. "तरी वाजवा."