भाऊजींची सही

सगळ्या नागपुरात सही न करण्याचा पगार घेतलेला एकच माणूस, तो म्हणजे माझे धाकटे दीर. आणि अशा माणसाची सही एका दिवसात आणून देते, असं आकाशपाळण्याच्या मालकाला छातीठोकपणे सांगणारी बावळट बाई म्हणजे मी. तेव्हा तरुण होते, अक्कल यायची होती.

भाऊजी आधी वायुदलात. विमान उडवायचे आणि तेच खोलून पुन्हा जोडायचेही. मग वर्दी उतरवून शहराचे मोठे इंजिनिअर साहेब झाले, पण सवयी काही उतरल्या नाहीत. स्कूटर सुरू करण्याआधी तिला एक प्रदक्षिणा, चाकांना एकेक लाथ, मग वाकून ब्रेकची तार बघणं. तोवर मागं बसायला निघालेली माझी जाऊ पायी गांधीबागेत जाऊन साडी घेऊन परत यायची. लग्नात आहेर राहायचा बाजूला, हे मंडपाचे खांब हलवून बघायचे. एकदा तर्रीपोह्यांच्या गाडीवर आधी गॅसची नळी तपासायला वाकले, तर पोहेवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही पोहे खायले आले का सिलिंडर?"

तर हा पाळण्याचा मालक माझ्या माहेरचा, खापरखेड्याचा. दुसऱ्या दिवशी आनंदमेळा सुरू, आणि पाळणा सुरक्षित असल्याच्या कागदावर भाऊजींच्या सहीशिवाय तो फिरणार नव्हता. "ताई, हा सीझन गेला तर वर्षभर खाऊ काय?" म्हणत रडकुंडीला आलेला. भाऊजींनी आधी वाळूची पोती बसवून पाळणा फिरवला, मग स्वतः चढले. शेजारी बसून गोड बोलावं, सही होऊन जाईल, म्हणून नव्या जरीच्या साडीत मीही चढले. ऐन टोकावर भाऊजींनी हात केला आणि पाळणा थांबला. गोड बोलणं मी विसरलेच. आठवतील तेवढ्या देवांना मी हाका मारल्या.

"वहिनी, देवायले जरा थांबू द्या," भाऊजी कान टवकारून म्हणाले, "डाव्या बाजूनं कटकट आवाज येऊन राहिला."

सही झाली नाही. मालक माझ्याकडे असा बघत होता की मी पदरात तोंड लपवलं. भाऊजी मात्र बाह्या सरसावून त्याच्या माणसांसोबत पाळण्याखाली शिरले. बेअरिंग बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पोती, पुन्हा भाऊजी (मी नाही!), आणि मेळा उघडायच्या तोंडावर सही.

पाळणा भरभरून फिरू लागला. लोक दिवे बघत होते. भाऊजी खाली उभे राहून, डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. त्यांची चेष्टा करावीशी वाटली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

"काहून हो भाऊजी, एका सहीपायी एवढा जीव काढता?" मी विचारलं.

ते म्हणाले, "वहिनी, विमानात चुकलो असतो तर मीच पडलो असतो. आता सही करून मी खालीच उभा राहतो ना."