दुकानातली मराठी आणि दोन सीटची गाडी

बॉनेटवर तळहात ठेवला तेव्हा ते कोमट लागलं. रविवारी सकाळचे नऊ वाजले होते आणि शेडमध्ये अजून ऊन आलेलं नव्हतं. इंजिन थंड असतानाच गाडी बघायची आहे, आम्ही येण्याआधी सुरू करू नका, असं मी विकणाऱ्यांना दोन दिवस आधी मेसेज करून कळवलं होतं. जुनं इंजिन थंडीतून कसं उठतं, किती धूर सोडतं, यावरून त्याची तब्येत कळते. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायला मला जमत नाही, म्हणून मी सगळं लिहून कळवते. त्यांनी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्रही पाठवलं होतं.

मी हात तिथेच ठेवला.

गाडी दोन दारांची, दोन सीटची, छपराच्या जागी कापडाची घडी. जमिनीला इतकी लागून की बाबा तिच्याजवळ गेले तेव्हा तिचा आरसा त्यांच्या मांडीपर्यंत आला. नव्वदच्या दशकात अशा थोड्याच गाड्या बनल्या होत्या. तीन वर्षं मी हेब्बाळच्या ऑफिसातून घरी येताना बसमध्ये जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या जाहिराती वाचत आले होते. परदेशी गाड्या फक्त बघायच्या. माझ्या आवाक्यात येईल अशी ही एकच निघाली. माझ्याकडे दुरुस्तीसकट तीन लाख होते, जाहिरातीत साडेतीन लिहिलं होतं.

भीती वेगळ्याच गोष्टीची होती. या गाडीचं अंग फायबरचं, त्यामुळे वरून ती कधीच गंजत नाही. पण आतला सांगाडा लोखंडी नळ्यांचा असतो आणि तो आतून सडतो. वरून चकचकीत दिसणारी गाडी एखाद्या खड्ड्यात मधोमध मोडू शकते. हे मी इतक्या वेळा वाचलं होतं की स्वप्नातही मला नळ्याच दिसायच्या.

विकणारे साठीच्या पुढचे होते. स्वच्छ शर्ट, जाड चष्मा, हातात पिवळं फडकं. आमच्याशी ते कन्नडमध्ये बोलत होते, मध्येच माझ्यासाठी इंग्रजी. मी त्यांना अंकल म्हणत होते, बाबा सार म्हणत होते. आणि आपसात आम्ही अर्थातच मराठी बोलत होतो.

यात 'अर्थातच' का, ते सांगायला हवं. आमचं घराणं या शहरात किती पिढ्यांचं आहे ते कुणालाच नीट ठाऊक नाही. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कन्नड आणि मराठी फक्त घरात. घरात, आणि दुकानात. साड्यांच्या दुकानात गादीवर बसून आई चेहरा न हलवता म्हणायची, "उठू नकोस, अजून दोनशे उतरेल." बाबांनी फ्रीज, स्कूटर, आमच्या घराच्या फरशा, सगळं असंच घेतलं. घासाघीस कन्नडमध्ये, डावपेच मराठीत.

"टायर बघ, नवे कोरे," बाबा गाडीभोवती फिरत म्हणाले. "विकायसाठीच घातलेत. माणूस लबाड दिसतो."

मी मान हलवली.

"तू तीनच्या वर जायचं नाहीस म्हणालीस ना? मग आपण दोनपासून सुरू करू. स्वल्प तोंड वाकडं कर. तुझ्या चेहऱ्यावरनं कळतंय की तुला आवडलीये."

मी तोंड वाकडं केलं. ते मला नेहमी जमतं.

"आणि मागच्या डाव्या चाकाच्या वर बघ. तिथला रंग वेगळा आहे."

विकणारे तोपर्यंत पुढचा दिवा पुसत होते. पुसता पुसता ते मागे आले आणि डाव्या चाकापाशी उभे राहिले. फडकं झटकलं, घडी केली, तिथेच उभे.

सहज आले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी कमी बोलते, त्यामुळे माझं बघणं जास्त होतं. मी जागेवरूनच, त्यांच्याकडे न बघता, बाबांना मराठीत म्हणाले, "त्यांच्या चष्म्याला ग्रीस लागलंय."

विकणाऱ्यांचा हात वर गेला. चष्म्यापर्यंत पोचला, थबकला आणि मग त्याने कपाळ खाजवलं. चष्म्याला काही लागलेलं नव्हतं.

तीन लाख त्यांनी ऐकले होते. लबाड ऐकलं होतं. आणि बाबांना हे सांगायला माझ्याकडे भाषाच उरली नव्हती. कन्नड विकणाऱ्यांना येत होती, इंग्रजी येत होती, हिंदी या शहरात कुणाला येत नाही? मी फोन काढून बाबांना मेसेज केला: त्यांना मराठी कळतं, बोलू नका.

बाबांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग आणखी लांब.

"तुझाच आहे की. इथं उभी राहून मेसेज कसले करतेस? चष्मा घरी राहिलाय, वाच काय ते."

विकणारे माझ्याकडे बघत होते.

"काही नाही," मी म्हणाले. "घरी गेल्यावर बघा."

"ही आजकालची पोरं," बाबा त्यांना कन्नडमध्ये म्हणाले. ते सौजन्याने हसले.

मग भाव सुरू झाला. बाबांनी दोन म्हटलं. त्यांनी दुखावल्यासारखी मान हलवली, साडेतीनवरून तीन चाळीसवर आले, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, मुलीची पहिली गाडी आहे, तर जाऊ दे, तीन. आजच टोकन देऊन टाका.

"आला तीनवर," बाबा आनंदाने मला मराठीत म्हणाले. "बघितलंस?"

मी बघितलं होतं. माझा फोन माझ्या हातात होता, पैसे पाठवायचं ॲप उघडलेलं. मी विचारलं, इंग्रजीत, फार हळू, की खालून बघता येईल का. ते म्हणाले, जॅक इथे नाही, जमीन तेलकट आहे, कशाला कपडे खराब करतेस, फायबरला गंज कुठे लागतो.

बाबांनी मला कोपराने हळूच ढकललं. म्हणजे देऊन टाक. त्यांना वाटत होतं आपण जिंकलो. मी आणखी मिनिटभर गप्प राहिले असते तर ॲपवर बोट टेकवलं असतं, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. नाही म्हणण्यापेक्षा पैसे देणं मला सोपं जातं.

विकणाऱ्यांशी सरळ बोलणं मला शक्य नव्हतं. म्हणून मी बाबांकडे तोंड केलं आणि मराठीत सांगितलं. सावकाश, प्रत्येक शब्द नीट.

"बाबा, बॉनेट गरम होतं. मी नको म्हटलं असतानाही काकांनी सकाळी गाडी सुरू केली. डाव्या चाकावरचा रंग नवा आहे आणि काका तिथनं हलत नाहीयेत. माझे तीन लाख म्हणजे गाडी आणि दुरुस्ती धरून तीन. खालच्या नळ्या सडल्या असतील तर मोडेल तेव्हा आत मी असेन. खालून बघितल्याशिवाय मी काहीही देणार नाही. काका नाही म्हणाले तर आपण जाऊ."

"काका कोण?" बाबा म्हणाले.

बाहेर रस्त्यावर टेम्पो मागे घेतल्याचा आवाज येत राहिला. विकणाऱ्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, शेडच्या आतल्या बाजूला गेले आणि जॅक घेऊन आले. एक पोतंही आणलं. डावी बाजू उचलली, मग उजवी, खाली लाकडी ओंडके सरकवले, गाडीला हाताने दोनदा हलवून बघितलं.

मी पोत्यावर पाठ टेकून आत सरकले. एका हातात फोनचा टॉर्च, दुसऱ्यात घरून आणलेला स्क्रू ड्रायव्हर. तिथून मला फक्त दोन जोड पाय दिसत होते, बाबांचे सँडल आणि विकणाऱ्यांच्या काळ्या चपला. मी डाव्या नळीवर ठोकायला लागले. आवाज घट्ट येत होता.

काळ्या चपला जवळ आल्या. गुडघे वाकले.

"तिकडं नको ठोकू," ते मराठीत म्हणाले. अगदी बाबांसारखी मराठी, तोच हेल. "डावीकडची मी बदलून घेतलीये. वेल्डिंग पक्कं आहे, रंग त्याचाच. उजवीकडं बघ. सीटच्या मागं."

सँडल एक पाऊल मागे गेले.

मी उजवीकडे वळले. सीटच्या मागे नळीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, फारसा जोर न लावता, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. लाल भुकटी माझ्या गालावर पडली.

"तुम्ही आधी सांगायचं नाही का?" वरून बाबांचा आवाज आला. गाडीबद्दल ते विचारत नव्हते.

"सांगितलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता. मग मला काय कळलं असतं?"



"पुढं आहे का असं?" मी खालून विचारलं.

"नाही. तेवढंच. पण तेवढं म्हणजे अर्धा सांगाडा, सीट काढायला लागतील. इथल्या शिवाजीनगरला एक माणूस करतो. एक लाख तरी घेईल. मला झेपेना, म्हणून विकतोय."

मी पडल्या पडल्या हिशेब केला. मग म्हणाले, "एक ऐंशी."

"बाहेर येऊन बोल."

तिथून बोलणं सोपं होतं. तिथे त्यांचा चेहरा नव्हता. पण मी सरकत बाहेर आले, उभी राहिले. गालावरचा गंज पुसायचं सुचलं नाही. त्यांच्याकडे बघून मी पुन्हा म्हणाले, एक ऐंशी. आवाज हलला, आकडा हलला नाही.

त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच घासाघिशीत खांदे उडवले. "गाडी तिची आहे," ते म्हणाले.

"दोन."

"माझ्याकडे किती आहेत आणि त्यात काय काय बसवायचंय, ते तुम्ही ऐकलंत, काका."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग कन्नडमध्ये म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक आहे. आणि लगेच, "चालवत न्यायची नाही. उचलून न्यायची. मी ट्रकवाल्याला बोलवतो."

मी कागदपत्रं वाचली, सांगाड्यावरचा नंबर गाडीच्या नोंदणी-पुस्तकातल्या नंबराशी दोनदा ताडून बघितला आणि टोकन पाठवलं. ट्रक यायला तासभर लागला. तोवर बाबा आणि ते बाकावर बसून एकमेकांची आडनावं, मूळ गावं विचारत होते. लबाड हा शब्द दोघांनीही काढला नाही.

ट्रकवाल्याने फळ्या टेकवल्या, साखळी अडकवली आणि गाडी वर ओढायला सुरुवात केली. पुढची चाकं फळीवर चढली तशी सडलेल्या बाजूच्या उजव्या दाराची फट रुंद होत गेली, काडीएवढी, मग बोटाएवढी. काका उठून उभे राहिले. "हळू, हळू," ते ट्रकवाल्याला कन्नडमध्ये म्हणाले. आतून करकर ऐकू आली आणि मी दारावर दोन्ही हात दाबून धरले, जणू त्याने काही झालं असतं. मागची चाकं वर आली. फट हळूहळू मिटली, पण पूर्ण नाही.

"कुठं न्यायची?" ट्रकवाल्याने बाबांना विचारलं.

"शिवाजीनगर," मी सांगितलं. "आणि खड्डे टाळून."